साक्षीला गेलेला दिवस

पहाटे साडेपाच

सोयाबीन पिकलं की शेंग वाट पाहत नाही. दोन दिवस कडक ऊन पडलं तर ती उभ्या झाडावर तडकते आणि दाणे वावरात सांडतात. म्हणून दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत अनसिंगातला माणूस उजाडायच्या आत विळा घेऊन वावराच्या वाटेला लागतो. आज त्यातला एक जण विळा घरी ठेवून धुतलेला सदरा घालतो आहे. वाशिमला कोर्टात तारीख आहे. सोंगणीला मजूर सांगून ठेवले होते, ते त्याने काल रात्री शेजाऱ्याला देऊन टाकले. मजूर एकदा दुसऱ्याच्या वावरात गेले की परत कधी मिळतील, हे मग मजूरच ठरवतात.

हा माणूस कुणी एक नाही. फौजदारी कोर्टाच्या व्हरांड्यात जे उभे असतात त्या अनेकांतून तो घडवला आहे, आणि पुढे येणारं कोर्टही तसंच अनेक कोर्टांचं मिळून झालेलं आहे. म्हणून नावं घातलेली नाहीत. गाव मात्र खरं आहे. वाशिम-पुसद रस्त्यावरचं, शृंगऋषींच्या देवस्थानाचं, स्वतःचं पोलीस ठाणं असलेलं वाशिम तालुक्यातलं मोठं गाव. इथल्या माणसाचं जिल्ह्याचं काम पूर्वी अकोल्याला असायचं. 1 जुलै 1998 ला वाशिम जिल्हा झाला आणि ते पंचवीसेक किलोमीटरवर आलं. अंतर कमी झालं, त्या प्रमाणात फेऱ्या कमी झाल्या असं मात्र व्हरांड्यातलं कुणी सांगत नाही.

आपला माणूस पंच आहे. काही वर्षांपूर्वी एका विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. पोलिसांना ती एका शेडमध्ये असल्याची खबर लागली. झडतीला त्याच परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असं तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 100 सांगत होतं. आता तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 103 मध्ये आहे. हा रस्त्याने चालला होता, म्हणून प्रतिष्ठित ठरला. "दोन मिनिटं या बरं इकडं," एवढंच त्याला सांगण्यात आलं. मोटार पाहिली, पंचनाम्यावर सही केली, घरी गेला. त्या दोन मिनिटांचा उरलेला भाग अजून संपायचा आहे.

सकाळी साडेसात

स्टँडवर पुसदहून येणारी गाडी. काल संध्याकाळी ठाण्यातून पैरवीच्या हवालदाराचा फोन आला होता: "उद्या या बरं नक्की. नाई आले तं वॉरंट निघन, मंग मले म्हनू नका." हवालदाराचाही यात दोष नाही. समन्स बजावायचं, साक्षीदार गोळा करायचे, कोर्टात हजर दाखवायचे, हे त्याचं काम. साक्षीदाराला परत जायला तिकिटाचे पैसे मिळाले की नाही, हे मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

शेजारच्या बाकावर एक म्हातारी मावशी. तिचीही तारीख आहे, दुसऱ्या खटल्यात. ती फिर्यादी आहे.

"कितवी तारीख हो मावशी?"

"आता कायची मोजतं बाबू. नातू पाळण्यात होता तवापासून चालू हाये. आता शाळेत जाते."

मावशीचं वय पंचाहत्तरच्या पुढे. एसटीने 26 ऑगस्ट 2022 पासून या वयाच्या लोकांना मोफत प्रवास दिला, आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. साक्षीदारांचा खर्च गेल्या काही वर्षांत खरोखर कुणी कमी केला असेल तर तो एसटीने, आणि या सवलती काढताना साक्षीदार कुणाच्या डोक्यातही नव्हते. आपला पंच पुरुष, वय चव्वेचाळीस. त्याला पूर्ण तिकीट. ते तो दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवतो, कारण मागच्या वेळी कुणीतरी सांगितलं होतं की तिकीट असलं तर भत्ता मागता येतो.

सकाळी नऊ

पुसद नाक्यावर उतरून तो पायी निघतो. खिशातला दुसरा कागद म्हणजे समन्स.

हा कागद वाचण्यासारखा असतो. जुन्या फौजदारी संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत साक्षीदाराच्या समन्सचा नमुना दिलेला होता. अमुक दिवशी सकाळी दहा वाजता हजर व्हावं, कोर्टाच्या परवानगीशिवाय निघून जाऊ नये, योग्य कारणाशिवाय न आल्यास हजेरीसाठी वॉरंट काढण्यात येईल. तीन गोष्टी, तिन्ही साक्षीदाराने करायच्या किंवा भोगायच्या. येण्याजाण्याचा खर्च मिळेल, तो कुणाकडे मागायचा, यावर त्या नमुन्यात एक अक्षर नाही. न येणाऱ्याला होणाऱ्या झटपट दंडाची कमाल रक्कम जुन्या कायद्यात 100 रुपये होती. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे आले (जिल्ह्याच्या वाढदिवशीच), तेव्हा ती 500 झाली. न येण्याची किंमत पाचपट वाढवण्याचं कायदा करणाऱ्यांच्या लक्षात राहिलं. येण्याच्या किमतीचं कलम मात्र जवळपास त्याच शब्दांत उचलून पुढच्या पुस्तकात ठेवलं गेलं. जुनं कलम 312, नवं 350. राज्य सरकारच्या नियमांच्या अधीन राहून, कोर्टाला योग्य वाटल्यास, ते फिर्यादीचा किंवा साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारतर्फे देण्याचा आदेश करू शकतं.

'योग्य वाटल्यास' आणि 'करू शकतं'. साक्षीदाराने यावं की नाही याबाबत मात्र त्याला काय योग्य वाटतं, हे कुणी विचारलेलं नाही.

सकाळी अकरा

न्यायाधीश बसतात. समन्समध्ये दहा लिहिलेलं असलं तरी दहाला आलेले साक्षीदार आणि आवार झाडणारा शिपाई सोडून तिथे फारसं कुणी नसतं. बोर्ड लागलेला आहे. आपल्या पंचाचं प्रकरण खालच्या बाजूला.

खालच्या कोर्टांत बहुतेक ठिकाणी एकच न्यायाधीश दोन टोप्या घालून बसतो: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. तीच खुर्ची, तोच शिरस्तेदार, तोच पुकारा करणारा शिपाई. सकाळी आधी एक दिवाणी दावा निघतो, बांधाच्या भांडणाचा. त्यातलाही एक साक्षीदार गावाकडूनच आलेला आहे, हाही पिकाचे दिवस सोडून आलेला आहे. फरक एकच. त्याचे पैसे त्याला आधीच मिळालेले आहेत.

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 सालची. तिचा सोळावा आदेश साक्षीदारांच्या समन्साचा. ज्या पक्षकाराला साक्षीदार बोलवायचा आहे त्याने आधी कोर्टात पैसे भरायचे: येण्याजाण्याचा आणि इतर खर्च भागेल इतके, शिवाय एका दिवसाच्या हजेरीचे. पैसे भरल्याशिवाय समन्स निघत नाही. बेलिफ समन्स घेऊन साक्षीदाराच्या दारात जातो तेव्हा, समन्स त्याच्या हातात देता येत असेल तर, ती रक्कमही सोबतच त्याच्यापुढे ठेवायची. भरलेली रक्कम अपुरी निघाली तर कोर्ट आणखी भरायला लावू शकतं. पक्षकाराने भरली नाही तर त्याची जंगम मालमत्ता जप्त करून विकता येते, किंवा साक्षीदाराला साक्ष न घेताच मोकळं करता येतं. एकापेक्षा जास्त दिवस थांबावं लागलं तर त्याचे वेगळे.

शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, घोडागाडीच्या आणि मनिऑर्डरच्या काळात, हे लिहिणाऱ्यांना एक साधी गोष्ट कळली होती. लांबून येणाऱ्या गरीब माणसाला पैसे नंतर देतो म्हणणं म्हणजे न देणं. म्हणून त्यांनी पैसे आणि समन्स एकाच हातातून पाठवले. दिवाणी दाव्यात बोलावणारा असतो शेजारचा शेतकरी, भाऊबंद, व्यापारी. फौजदारी खटल्यात बोलावणारं असतं सरकार. सरकारने खाजगी माणसावर जी शिस्त लादली, ती स्वतःवर लादून घेतली नाही. माझ्या मते साक्षीदाराच्या भत्त्याची सगळी रखडपट्टी या एका फरकातून निघते. बाकीची कारणं, म्हणजे निधी नाही, बिल अडकलं, साहेब रजेवर आहेत, ही त्याची पिल्लं.

दुपारी साडेबारा

व्हरांडा. बसायला एक बाक आहे, त्यावर आधी आलेले बसलेत. पाण्याची टाकी आहे, पेला साखळीसकट कधीतरी गेला असावा, साखळी उरली आहे.

आता इथे साक्षीदारांच्या दोन जाती दिसू लागतात. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले आहेत जखमेच्या दाखल्याची साक्ष द्यायला, तलाठी आले आहेत सातबारा घेऊन. त्यांनाही हा दिवस त्रासाचाच असतो. डॉक्टर इकडे असताना तिकडे ओपीडी खोळंबते. पण संध्याकाळी ते कोर्टाकडून हजेरीचा दाखला घेतील, तो आपल्या कार्यालयात लावतील, दिवस कामात धरला जाईल आणि प्रवासभत्त्याचं बिल त्यांचं खातं काढेल. पगार तर चालूच आहे. मजुराचा, छोट्या शेतकऱ्याचा, टपरीवाल्याचा दिवस कुठल्याही खात्यात लागत नाही.

ही तक्रार नवी नाही, आणि आकड्यांत मांडलीच नाही असंही नाही. राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1980 च्या आपल्या चौथ्या अहवालात एका राज्यातल्या 18 दंडाधिकारी न्यायालयांची पाहणी दिली आहे. ठरावीक काळात तिथे 96,815 साक्षीदार हजर झाले. त्यांपैकी काही ना काही भत्ता मिळाला 6,697 जणांना. शंभरात सात. आणि त्या सातांनाही बराच कागदी खटाटोप करावा लागला. उरलेल्या त्र्याण्णवांनी आपल्या खर्चाने सरकारचा खटला चालवला, असंच म्हणायला हवं. विधी आयोग त्याआधी 1958 च्या चौदाव्या अहवालात साक्षीदारांच्या हालांवर आणि अपुऱ्या भत्त्यावर बोलून गेला होता. न्या. मलिमठ समितीने 2003 मध्ये साक्षीदाराला सन्मान्य पाहुण्यासारखं वागवावं असं सुचवलं. सन्मान्य पाहुणा सध्या भिंतीला टेकून उभा आहे आणि पिशवीतली भाकरी आता खावी की पुकारा झाल्यावर, याचा विचार करतो आहे. आत्ता खायला गेलो आणि नाव पुकारलं तर?

दुपारी दीड

पुकारा होतो. तो आत जातो. सहायक सरकारी अभियोक्ता फाइल उघडतात. मुद्देमाल म्हणून ती मोटारही ठाण्यातून आणलेली आहे. गंजलेली, चिठ्ठी लावलेली. तिच्या मालकाने दुसरी घेतल्याला आता किती पावसाळे झाले. आरोपी हजर नाही, त्याच्या गैरहजेरी माफीचा अर्ज आहे. त्याचे वकील दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकले आहेत, त्यांच्या वतीने एक तरुण वकील मुदत मागतात.

कायद्यात यावर उत्तर आहे. साक्षीदार हजर असताना त्यांना न तपासता खटला तहकूब करू नये. केलाच तर विशेष कारणं लेखी नोंदवावीत. जुन्या संहितेचं हे कलम 309, नव्याचं 346. नव्यात तर परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असेल तेव्हाही दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं घातलं आहे. मुदत मागणाऱ्याला खर्च भरायला लावता येतो. कोर्ट थोडी कुरकुर करतं, शेवटची संधी म्हणतं आणि पुढची तारीख देतं. न्यायाधीशाच्या जागी बसून पाहिलं तर बोर्डवरची निम्मी प्रकरणं अजून उरलेली असतात, आणि वकिलाशिवाय घेतलेली साक्ष उद्या वरच्या कोर्टात त्याच मुद्द्यावर परत येण्याची भीती असते. हे खरं आहे. पण या सगळ्या हिशोबात अनसिंगच्या वावरात तडकणाऱ्या शेंगा कुठेच बसत नाहीत. मुदत फुकट मिळते, कारण तिची किंमत जो मोजतो तो पक्षकार नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने हे दृश्य ओळखलं होतं. स्वर्ण सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात 2000 साली न्या. डी. पी. वाधवा यांनी मुख्य निकालाच्या पलीकडे जाऊन साक्षीदाराच्या हालांवर लिहिलं. साक्षीदार थकून नाद सोडेपर्यंत तारखा घेत राहण्याची जणू रीतच पडली आहे, शिपाई त्याला बाहेर घालवतो, बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, असा त्याचा आशय. त्यात पुढे एक गोष्ट होती जी सर्वात कामाची आणि सर्वात दुर्लक्षित राहिली. साक्ष होवो की प्रकरण तहकूब होवो, साक्षीदाराचा भत्ता त्याला लगेच मिळाला पाहिजे, असं त्यांनी म्हटलं.

साक्षीदार फितूर का होतो याची चर्चा आपल्याकडे धमकी आणि पैसा या दोन शब्दांत संपते. त्या दोन्ही गोष्टी आहेतच. पण मोटारचोरीच्या खटल्यात पंचाला धमकवायला कोण येतंय? तिथे तारखा पुरतात. चौथ्या-पाचव्या खेपेला माणूस पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याला एकच हवं असतं, हे संपावं. "पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली" म्हटलं की सरकारी वकील आवरतं घेतात, बचावाचे वकील खूश, आणि चारची गाडी मिळते.

दुपारी दोन

मधली सुट्टी. लिंबाच्या झाडाखाली भाकरी, ठेचा, कांदा. कोर्टासमोरच्या टपरीवर चहा.

दुपारी तीन

आता भत्ता.

आपला पंच नेटाने विचारायला जातो, हेच विशेष. बहुतेक जण विचारत नाहीत. काहींना ठाऊक नसतं, काहींना कोर्टात पैसे मागणं बरं दिसत नाही असं वाटतं, आणि बरेच जण एव्हाना गाडी पकडायला निघालेले असतात. ही वेळच तशी असते. सकाळी अकराला विचारलं तर "आधी साक्ष तर होऊ द्या", आणि तीननंतर विचारलं तर टेबलावर दुसऱ्या कामांचा ढीग.

"साहेब, भत्ता भेटन काय?"

"साक्ष झाली का तुमची?"

"नाई जी. तारीख भेटली."

"मग साक्ष होईल तेव्हा पाहू."

इथे पहिली गाठ. भत्ता साक्षीचा नाही, हजेरीचा आहे. कलमात कोर्टाच्या कामासाठी हजर राहणारा साक्षीदार असं म्हटलंय, साक्ष दिलेला नव्हे. वाधवांचं म्हणणंही तेच. पण हा समज इतका खोल आहे की साक्षीदारालाही तो पटतो. आपण आज केलंच काय, नुसते बसलो, असं त्यालाच वाटतं.

समजा, टेबलावरचा माणूस भला निघाला आणि म्हणाला, बसा, करू. मग हजेरीची नोंद, अंतर, तिकीट असं लिहून कागद तयार होतो. त्यावर आदेश आणि सही व्हावी लागते, आणि न्यायाधीश तर आत दुसरी साक्ष नोंदवत आहेत. सही झाली की कागद नाझराकडे. नाझराकडे किरकोळ खर्चासाठी स्थायी अग्रिम असतो. त्यातून पैसे वाटायचे, पावत्या जोडून कोषागाराला बिल पाठवायचं, बिल निघालं की अग्रिम पुन्हा भरायचा. व्यवस्था वाईट नाही. पण हौदात पाणी येण्याचा नळ बारीक असला की शेवटच्या माणसाला तळ दिसतो. बिल त्रुटीसाठी परत आलं, आर्थिक वर्ष संपत आलं आणि त्या शीर्षाखालचं अनुदान उरलं नाही, नवं अनुदान अजून वाटलं गेलं नाही, की नाझर म्हणतो: "पैसे आले की देऊ. पुढल्या तारखेला या, किंवा पुढच्या आठवड्यात चक्कर मारा."

चक्कर मारा. हे म्हणणाऱ्याच्या मनात काही काळं नसतं. पण याचा अर्थ काय होतो पहा. रक्कम आहे येण्याजाण्याचं तिकीट आणि दिवसाच्या खाण्यापिण्याएवढी. ती घ्यायला पुन्हा यायचं तर पुन्हा तिकीट आणि पुन्हा एक दिवस. म्हणजे एका फेरीच्या उशिराने भत्ता शून्य होतो आणि दुसऱ्या फेरीत वजा. मोठ्या रकमेला उशीर झाला तर माणूस व्याज मोजतो. लहान रकमेला झाला तर ती रक्कमच उशीर खाऊन टाकतो. म्हणून साक्षीदाराच्या बाबतीत 'भत्ता मिळायला विलंब होतो' हे वाक्य मला पुरेसं खरं वाटत नाही. इथे विलंब हीच नकाराची रीत आहे, आणि या रीतीत नकार कुणालाच द्यावा लागत नाही.

सरकारला हे कळत नाही असंही नाही, कारण दुसऱ्या खात्यात कळलेलं आहे. मनरेगाच्या मजुराला पंधरा दिवसांत मजुरी मिळाली नाही तर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या मजुरीवर दररोज 0.05 टक्के भरपाई द्यावी, असा नियम झाला. रक्कम हास्यास्पद, आणि तीही सगळ्यांना मिळाली असं नाही. तरी उशिराला किंमत असते आणि ती सरकारने मोजायची असते, हे तत्त्व कागदावर आलं. साक्षीभत्त्याच्या कलमाने अशी कुठलीही मुदत घातलेली नाही.

आणि बँकेचं खातं? ज्या पंचाला नाझर पुढल्या आठवड्यात या म्हणतो त्याच्या खात्यात पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत येतात, राज्याच्या नमो शेतकरीचे तितकेच. हप्ते मागेपुढे होत असतील, पण ते आणायला त्याला वाशिमला जावं लागत नाही. नव्या संहितेने समन्स फोनवर पाठवायची सोय केली, साक्ष दृक्श्राव्य माध्यमातून ठरवून दिलेल्या ठिकाणाहून नोंदवण्याची वाट उघडली. समन्स मोबाइलवर येऊ शकतं तर त्याच्या मागोमाग शे-दोनशे रुपये का येऊ शकत नाहीत? 1908 च्या दिवाणी संहितेतली युक्तीच वापरायची आहे, फक्त बेलिफाच्या पिशवीऐवजी बँकेतून. काही साक्षीदार पैसे घेऊन येणार नाहीत, हे खरं. त्यांच्याकडून ते वसूल करता येतील. वॉरंटचा रस्ता तर सरकारला चांगला पाठ आहे.

तोवर पंचाच्या हातात काय आहे? तोंडी न विचारता साध्या कागदावर अर्ज द्यावा: प्रकरण क्रमांक, आजची तारीख, कुठून आलो, तिकीट सोबत, हजेरी नोंदवून खर्च मंजूर व्हावा ही विनंती. अर्ज प्रकरणात लागला की त्यावर काहीतरी आदेश करावा लागतो. लिहिता येत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाशी जोडलेलं असतं, 15100 हा त्यांचा मोफत क्रमांक आहे. दहातला एकही साक्षीदार हे करत नसावा, पण केलं तर निदान नकाराला सही लागते.

आपल्या पंचाने आज अर्ज दिला नाही. चारची गाडी होती.

दुपारी चार

ती गेली. पुढची सव्वापाचला.

सायंकाळी साडेसहा

घर. बायको विचारते, "काय झालं?" तो म्हणतो, "तारीख." ती दिवसभरात जाऊन वावर पाहून आलेली असते. वरच्या अंगाच्या शेंगा फुटायला लागल्या आहेत.

हिशोब तसा सोपा. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये. सोंगणीच्या दिवसांत वावरातल्या माणसाच्या हाताला त्याहून जास्त भाव असतो. म्हणजे सरकारने स्वतः ठरवलेल्या किमान मापाने मोजलं तरी आजचे 312, अधिक दोन्हीकडचं पूर्ण तिकीट, अधिक चहा. एवढे पैसे अनसिंगच्या एका शेतकऱ्याने आज महाराष्ट्र शासनाला बिनव्याजी दिले, आणि त्याची पावती म्हणून त्याच्याकडे दुमडलेली दोन तिकिटं आहेत. तो ती देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला, लाइटबिलांच्या सोबत अडकवतो. तिथे आधीची पण आहेत.

रात्री साडेआठ

पारावर बातमी आहे की संध्याकाळी शिवारात कुणाच्या तरी ठिबकच्या नळ्या आणि केबल गेली. पोलिसांची गाडी येऊन उभी आहे, झडती घ्यायची आहे, पंच पाहिजेत. पाराजवळ मघापर्यंत आठ-दहा जण होते. आता पानपट्टीवाला आहे, आणि तोही शटर ओढायच्या बेतात.

लेखी आदेश देऊन बोलावलं असता योग्य कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं हा गुन्हा आहे. अनसिंगात हे कलम कुणी वाचलेलं नाही, पण गाडीचा दिवा दिसला की कुठल्या गल्लीत वळायचं हे सगळ्यांना पाठ आहे. हवालदार वैतागून फोन काढतो आणि ज्याने पूर्वी एकदा मुकाट्याने सही केली होती, त्याचाच नंबर लावतो.

"कुठं हाये? जरा स्टँडकडं येतं काय दोन मिनिटं?"

आपला माणूस ओट्यावर बसून जेवतो आहे. समोरच्या रस्त्यावरून गाडीचा निळा-तांबडा उजेड त्याच्या ताटावर पडतो.

"मी तं वाशिमलेच हाओ जी," तो म्हणतो. "कोर्टात तारीख होती ना. गाडीच नाई भेटली."